गिरगाव ते लालबाग, दोन आडव्या धनुष्यांसह

गिरगावातली माणसं काशीला जाऊन येतात. आमच्या वाडीतले दोघे तर विलायतेला जाऊन आले आणि त्याबद्दल अजून बोलतात. पण मुद्दाम लालबागला जाऊन, तिथे मुक्काम करून परत आलेला माणूस वाडीत मी एकटाच. तिथे जायला पासपोर्ट लागत नाही, बोटीत उलट्या होत नाहीत, ट्रामचं तिकीट पुरतं. बहुधा म्हणूनच कोणी जात नसावं. मी परत आलो तेव्हा शेजारच्या मोठ्या काकूंनी काळजीने विचारलं, "तिकडचं पाणी बाधलं नाही ना रे?" पाणी बाधलं नाही. ज्यांना कधीच तिकडे जायचं नाही, अशा माझ्या गिरगावकर बंधुभगिनींसाठी हा वृत्तांत लिहून ठेवतो आहे.

प्रवासाचं कारण जरा विचित्र होतं. मी शाळेत शास्त्र शिकवतो आणि माझ्या घरात एक क्रॉसबो आहे. ज्यांच्या घरात नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लाकडी दांड्यावर आडवी बसवलेली कमान म्हणजे क्रॉसबो. दोरी मागे ओढून खाचेत अडकवायची, पुढे बाण ठेवायचा आणि खालचा खटका दाबायचा. धनुष्य आणि बंदूक यांनी संसार थाटला तर जे अपत्य होईल ते हे. आमचे आजोबा एका सॉलिसिटरच्या कचेरीत मॅनेजिंग क्लार्क होते. त्यांचा गोरा साहेब मायदेशी परतताना त्यांना हा देऊन गेला. त्याच्या खापरपणजोबांच्या खापरपणजोबांनी म्हणे हा कुठल्याशा किल्ल्यावरून चालवला होता. आजोबांना घड्याळाची अपेक्षा होती.

लालबागच्या एका चाळीतल्या वाचनालयाचे सेक्रेटरी भिवा परब दर उन्हाळ्यात व्याख्यानमाला भरवतात. दिवसभर गिरणीत मागाच्या साच्यावर उभे राहून आलेली माणसं संध्याकाळी जमिनीवर बसून शनीची कडी, तुकोबांचे अभंग, क्षयरोग आणि रशियातली शेती अशा विषयांवर व्याख्यानं ऐकतात. गिरगावात हे कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं, कारण आपल्याकडे व्याख्यानाला श्रोते जमवायला नाट्यगीतं ठेवावी लागतात. परब मला बोलवायला स्वतः आले. मी विचारलं, "विषय कोणता घेऊ?"

"कायव घ्या, मास्तरांनू. फक्त राजकारण नको. ता आमका रोजच आसा."

मी म्हणालो, "मध्ययुगीन आणि आधुनिक क्रॉसबो: शक्तीची तुलना."

परबांनी विषय मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिला. मग म्हणाले, "ह्या अजून कोणी घेतलेला नाय."

दादर

तुलना करायची तर दुसरा क्रॉसबो हवा, आणि तो दादरला होता. माझे मेहुणे बोटीवर मोठे अधिकारी आहेत. विलायतेत हा आता रविवारचा खेळ झाला आहे. तिथून त्यांनी एक नवा कोरा आणला होता. तेव्हा लालबागला जाण्यासाठी मी आधी लालबाग ओलांडून दादरला गेलो. सगळ्या मोठ्या प्रवाशांना असा वळसा पडतोच.

जुना क्रॉसबो मी चादरीत गुंडाळला होता. ट्रामच्या कंडक्टरने विचारलं, "सतार काय?" मी नाही म्हणालो. "मग आडवी कशाला धरलीय? उभी धर ना, लोकांना लागते." उभी धरली तर ती छपराला लागे. शेवटी भायखळ्यापर्यंत एका पारशी गृहस्थांच्या मांडीवर तिचं एक टोक होतं आणि त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. उतरताना मात्र चादरीकडे बघून माझं सांत्वन केलं. त्यांना आत काय आहे असं वाटलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दादरच्या माणसाची गंमत अशी, की आपण मुंबईत राहतो हे त्याला मान्य असतं, पण पुण्याहून चार दिवस कामासाठी आलो आहोत असा चेहरा तो कायम ठेवतो. मेहुण्यांनी नवा क्रॉसबो माझ्या हवाली करताना मुलगी सासरी धाडावी तशा सूचना दिल्या. रिकामा सोडायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, कोणाला हात लावू द्यायचा नाही. मी सगळ्याला हो म्हणालो. लालबागला पोचल्यावर यातली एकही सूचना पाळता आली नाही.

ट्रामच्या थांब्यावर एका हवालदाराने अडवलं. दिवस धामधुमीचे. मराठी-गुजराती एकत्र बांधलेलं द्विभाषिक राज्य आमच्या डोक्यावर बसलेलं, रोज कुठेतरी सभा नाहीतर मोर्चा, आणि दोन लांबोडकी गाठोडी घेऊन उभा असलेला मी.

"काय हाय यात?"

"शैक्षणिक साहित्य."

त्याने चादर सोडली. कमान चाचपली, लोखंडी खटका दोनदा ओढून पाहिला, बाणाच्या टोकावर अंगठा फिरवला. मग चादरीचे चारही कोपरे झटकले.

"काळा झेंडा न्हाई ना?"

"नाही."

"जावा मग."

लालबाग

मी पोचलो तेव्हा गिरणीची पाळी सुटत होती. भोंगा, मग माणसांचा लोंढा, आणि सगळ्यांच्या केसांत कापसाचे बारीक तंतू, त्यामुळे तरुण माणसंही पिकलेली वाटत होती. चाळ तीन मजली. परब दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या खोलीत किती माणसं राहतात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण मोजायला लागलो की काहीजण कामाला जात आणि काहीजण येत.

परबवहिनींनी पहिलाच प्रश्न विचारला, "मासे चलतत मां तुमका?"

आमच्या घराण्यात माशावर जितकं प्रेम आहे तितकं देवावरही नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी बांगड्याचं तिखलं वाढलं, तिरफळं घातलेलं, आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडे माशाला घरी कुटलेला सांबाराचा मसाला लागतो (इडलीबरोबरच्या सांबाराशी त्याचा संबंध नाही) आणि आमच्या मते जगात तेवढी एकच पद्धत सुसंस्कृत आहे. पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले, तिसऱ्या घासाला मी आणखी वाढा म्हणालो. घरी आल्यावर हे बायकोला सांगितलेलं नाही. तिने हा लेख वाचू नये अशी व्यवस्था केली आहे.

जेवताना परबांनी खरी गोष्ट सांगितली. वाचनालय तळमजल्यावरच्या कोपऱ्याच्या खोलीत आहे. ती खोली चाळीच्या मंडळाची. चाळीमागे पत्र्याच्या शेडमध्ये कुस्तीची तालीम होती. मालकाने ती शेड पाडली. आता तालमीला जागा नाही, म्हणून तालमीवाल्यांनी वाचनालयाची खोली मागितली आहे, आणि रविवारी मंडळाच्या सभेत निकाल व्हायचा आहे.

"अख्ख्या चाळीत शांत बसान वाचूक एवढीच जागा," परब म्हणाले. "रात्रशाळेची पोरां थय अभ्यास करतत. घरात दिवो लावलो तर पाळीवरना इल्लो माणूस झोपतलो खय? खोली गेली तर शाळापण गेली समजा."

त्यांच्या आवाजात रडगाणं नव्हतं. त्यांचा उजवा हात मात्र मांडीवर तसाच पडून होता. मागच्या एका मोर्चात खांद्यावर लाठी बसली, तेव्हापासून तो वर जात नाही. डाव्या हाताने भाकरी मोडत ते म्हणाले, "तुमचा व्याख्यान जोरात झाला तर लोकांका वाटात, वाचनालय जिवंत आसा."

क्रॉसबोवर एवढी जबाबदारी किल्ल्याच्या वेढ्यातसुद्धा कधी पडली नसेल.

हरताळ

दुसऱ्या दिवशी पहाटे गॅलरीखालून प्रभातफेरी गेली. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' गिरगावातही ही घोषणा होते, पण आपण ती देतो तेव्हा अर्ज केल्यासारखी वाटते. इथे ती वसुलीला आल्यासारखी वाटली. सगळ्यांत पुढे बायका होत्या, पदर खोचलेल्या, आणि त्यांच्यात परबवहिनी. पोलीस पुढून येतात, म्हणून बायकांना पुढे ठेवतात, असं मला कोणीतरी कौतुकाने समजावून सांगितलं.

त्या दिवशी हरताळ होता. ट्राम बंद, बस बंद, दुकानं बंद. व्याख्यान संध्याकाळी होतं; तोवर घरी जाऊन यायचा माझा बेत होता, पण मी अडकलो. चार मैलांवर माझं घर, आणि मला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बोट फुटल्यासारखं वाटत होतं. चालत का नाही गेलात, असं आता सगळे विचारतात. खरं कारण असं, की दुपारी सुकटीची चटणी होणार आहे असं मी ऐकलं होतं.

सकाळी तालमीचे वस्ताद मला भेटायला आले. दाजी शिर्के, साताऱ्याकडचे, पन्नाशी उलटलेली, मान आणि डोकं यांच्यात फरक कमी. मला वाटलं दमदाटी करतील. त्यांनी वाकून नमस्कार केला.

"मास्तर, तुमी शिकल्यालं. तुमीच सांगा. पुस्तक काय, गॅलरीत बसून वाचता येतंय. कुस्ती गॅलरीत हुतीय व्हय? शेड पाडल्यापास्नं माझी पोरं सांजचं मोकळी फिरत्यात. मोकळं पोरगं कुटं जातंय, म्हाईत हाय न्हवं? दारूच्या भट्टीवर. दोघं गेलीबी."

परबांचं खरं होतं आणि वस्तादांचंही खरं होतं. ही फार वाईट परिस्थिती असते. एकजण खोटा असता तर सगळ्यांची सोय झाली असती.

मंडळाचे अध्यक्ष अण्णा सावंत हे सभ्य, निवृत्त आणि कोणाचंही मन न दुखवण्याबद्दल प्रसिद्ध. त्यांनी त्याच दुपारी चहावर एक तोड सुचवली. खोलीच्या मधोमध पडदा लावायचा. अलीकडे पुस्तकं, पलीकडे माती. शहाण्या गावात ही तोड मान्य झाली असती. पण ते दिवस वेगळे होते. अण्णांचं वाक्य संपायच्या आत दोन्ही बाजूंनी एकच आरोळी उठली: "द्विभाषिक नको!" परबही ओरडले, वस्तादही ओरडले. त्या दिवसांत निम्मं-निम्मं ही शिवी झाली होती. अख्खं हवं, नाहीतर लढा. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तोड मागे घेतली.

संध्याकाळी व्याख्यान झालं. हरताळामुळे कोणाला कुठे जाता येत नव्हतं, त्यामुळे पटांगण भरलं होतं. गॅलऱ्यांमध्ये कठड्याला टेकून बायका. आयुष्यात मला एवढे श्रोते कधी मिळाले नाहीत आणि पुन्हा मिळणार नाहीत.

मी दोन्ही क्रॉसबो टेबलावर ठेवले. जुना काळा, जाड, पोलादाच्या कमानीचा. नवा सडपातळ, हलका, खेळण्यासारखा. मी सांगितलं, जुन्याची दोरी ओढायला नव्याच्या कितीतरी पट जोर लागतो. तालमीच्या बाजूने टाळ्या. पण, मी म्हणालो, जोर किती लागतो एवढ्यावरून बाण किती जोरात जाईल ते ठरत नाही. समजा हातगाडीला एकाने एकच जबरदस्त धक्का देऊन सोडून दिलं, आणि दुसऱ्याने बेताच्याच जोराने, पण दहा पावलं तिच्याबरोबर धावत ढकलली. कोणाची गाडी जास्त पळेल?

"दुसऱ्याची!" पटांगण म्हणालं.

"दुसऱ्याचीसुद्धा पळेल," मी म्हणालो. "जुन्या कमानीचा धक्का मोठा, पण धाव चार बोटं. नव्याचा धक्का लहान, धाव हातभर. शिवाय जुन्या कमानीचे पोलादी हात इतके जड, की सुटताना निम्मा जोर त्यांना स्वतःलाच हलवण्यात जातो."

"सरकारच्या कारभारासारखं!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि राजकारण सोडून बोला ही परबांची अट तिथेच मोडली. हशा ओसरेपर्यंत मी पाणी प्यायलो.

मग वस्ताद उठले. "मास्तर, ते समदं खरं. पर शेवटाला भारी कोण? जुनं का नवं?"

"ते अवलंबून आहे," मी म्हणालो. गिरगावात हे उत्तर विद्वत्तेचं लक्षण मानतात. लालबागमध्ये ते ऐकून लोक माझ्याकडे पैसे बुडवून पळालेल्या माणसाकडे बघावं तसे बघू लागले.

"मोजून बघा की मग," वस्ताद म्हणाले.

"बघू या!" परब म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "जुना जिंकला तर खोली तालमीची. नवा जिंकला तर वाचनालयाची. काय वस्ताद?"

"ठरलं."

मी उभा राहून सांगितलं, की बाणाच्या शक्तीवरून खोलीचा मालक ठरवणं अत्यंत अशास्त्रीय आहे. त्यावर जोरदार टाळ्या पडल्या आणि माझं म्हणणं कोणीही विचारात घेतलं नाही. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र अशी सुटका दिसली, की त्यांना थांबवायचं माझ्या जिवावर आलं. निकाल आता त्यांनी द्यायचा नव्हता, कमानीने द्यायचा होता.

रविवार

सकाळी पहिलं लक्षात आलं ते हे, की जुन्या क्रॉसबोची दोरी कुजली आहे. ती मी लहानपणापासून भिंतीवर बघत होतो; कधी ओढून पाहिली नव्हती. गिरगावात अशी दोरी मिळवायला मला वर्ष लागलं असतं. इथे गिरणीतल्या सुताचे पदर घेऊन गॅलरीत तिघे बसले आणि चहा उकळेपर्यंत वळून मोकळे झाले. गंमत म्हणजे तिघांत एक वाचनालयाचा होता. प्रतिपक्षाची दोरी आपण वळतो आहोत हे त्याला शेवटच्या गाठीला आठवलं, तोवर गाठ बसली होती.

निशाण कशाचं करायचं यावर बराच खल झाला. फळी फुटली तर मोजणार काय? कापसाची गासडी आणली तर चोरीचा आळ. शेवटी परब आत गेले आणि जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे घेऊन आले. कव्हरं उडालेले, हाताळून मऊ झालेले. रद्दीत घालायचे त्यांना धाडस झालं नव्हतं, आता बाण खायला द्यायचे होते. एकेक अंक खोक्यात उभा लावताना त्यांनी दोन अंक मागे काढून ठेवले.

बाण पानांत किती खोल जातो ते बघायचं. जाड बाण आणि बारीक बाण यांची अशी तुलना शास्त्रात बसत नाही, हे मी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. एका आजोबांनी मला खाली बसायला सांगितलं.

वस्तादांनी आधी देवाचं नाव घेतलं. जुन्या क्रॉसबोच्या टोकाला रिकीब असते, घोड्याच्या खोगिराला असते तशी. तिच्यात पाय घालून दांडा जमिनीवर दाबायचा, कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या आकड्यात दोरी अडकवायची आणि वाकलेल्या कमरेने सरळ उभं राहायचं. दोन पठ्ठे मदतीला सरसावले. वस्तादांनी त्यांना हाताने मागे सारलं. ते वाकले. उठताना पहिल्या खेपेला अर्ध्यावरच थांबले, चेहरा तांबडा झाला, मानेवरची शीर टरारली. मला दोन भीती होत्या. एक, शेकडो वर्षांचं पोलाद मोडेल. दुसरी, वस्ताद मोडतील. माझ्या आजोबांची वस्तू असूनही त्या घटकेला मला दुसऱ्या भीतीने जास्त पछाडलं होतं. मग खाचेत दोरी बसल्याचा कट असा आवाज झाला आणि पटांगणाने श्वास सोडला.

बाण सुटला. खोका हातभर मागे सरकला. अंक काढून बघितले. बाणाने तीन ऐतिहासिक कथा, कवितांचा एक विभाग आणि मुंबई कोणाची या विषयावरचा एक परिसंवाद भेदला होता आणि पुढच्या अंकाच्या शेवटी, राशिभविष्यात, कुंभ राशीच्या पानावर त्याचं टोक रुतलं होतं. तालमीच्या पोरांनी वस्तादांना खांद्यावर उचललं. त्यांनी "खाली ठेवा, खाली ठेवा" म्हटलं. कमरेवरचा हात त्यांनी काढला नव्हता.

आता नवा. परब पुढे आले आणि थांबले. उजवा हात वर जात नव्हता, दोरी दोन्ही हातांनी ओढायची होती. वाचनालयाचे बाकीचे सभासद एकमेकांकडे बघू लागले. मोडलं तर मास्तरांच्या मेहुण्यांना काय सांगायचं, असं एकजण पुटपुटला, आणि मला मेहुण्यांची आठवण झाली.

"द्या हय," परबवहिनी म्हणाल्या. त्या चहाची किटली घेऊन खाली आल्या होत्या. किटली बाजूला ठेवून त्यांनी पदर खोचला.

तालमीची पोरं हसली. अण्णा कसनुसे होऊन म्हणाले, "ओढायला तशी हरकत नाही."

मी कसं ओढायचं ते एकदा सांगितलं. त्यांनी नव्याच्याही रिकिबीत पाय घातला, दोन्ही मुठींत दोरी धरली आणि एका दमात हातभर मागे आणून खाचेत बसवली. "नळावरची बालदी ह्याच्यापेक्षा जड आसता," त्या म्हणाल्या. या वेळी तालमीची पोरं हसली नाहीत.

अंक परत खोक्यात उभे केले आणि वहिनींनीच पहिल्या बाणाच्या शेजारी नेम धरून खटका दाबला. आवाज बारीक आला, खोका जागचा हलला नाही. अंक काढले. त्याच कथा, त्याच कविता, तोच परिसंवाद, तोच शेवटचा अंक, तेच राशिभविष्य. फक्त टोक त्या पानाच्या पाठीवर, मीन राशीत, उमटलं होतं.

एका कागदाचा फरक, आणि तो वाचनालयाच्या बाजूचा.

मी गुडघ्यावर बसून ते पान बघत होतो. परब माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांच्या घरचे बांगडे मी खाल्ले होते. 'नवा जिंकला' एवढेच दोन शब्द म्हणायचे होते, आणि कोणीही मला खोटं ठरवू शकलं नसतं. पण मोजमापात एवढा फरक म्हणजे फरक नव्हे, हे मी वर्षानुवर्षं वर्गात पोरांना पट्टीने शिकवतो. हाताळलेला मऊ कागद, जाड आणि बारीक बाण. मी उभा राहिलो.

"बरोबरी," मी म्हणालो.

मला माझीच लाज वाटली आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटणं किती त्रासदायक असतं ते सांगता येत नाही. परबांनी मान हलवली, जणू गिऱ्हाइकाने मालात खोट काढावी आणि ती खरी असावी. गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "बरोबरी म्हणजे परत द्विभाषिक!" पण कोणी हसलं नाही.

वस्ताद एका खोक्यावर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मास्तर, माझी कंबर मोडाया आली. तिनं एका दमात वढलं. मग माझा जोर गेला कुटं?"

"कमानीने खाल्ला, वस्ताद. स्वतःलाच हलवण्यात."

त्यांनी त्या काळ्या पोलादावरून हात फिरवला.

आता अण्णांना निकाल द्यावाच लागणार होता. त्यांनी घसा खाकरला. "मंडळी, कमानीने निकाल दिला नाही. तेव्हा नेहमीप्रमाणे हात वर करा. तालमीकडे खोली जावी असं वाटणाऱ्यांनी आधी."

हात वर झाले. मग वाचनालयाचे हात वर झाले. अण्णांनी बोटाने मोजलं. मोजायची गरज नव्हती, तालमीचे हात जास्त होते हे मला दिसत होतं. परब खाली बसले आणि अंक खोक्यात परत भरू लागले, फाटलेली पानं आधी सरळ करून.

तेवढ्यात परबवहिनींनी हात वर केला.

"वहिनी, हात खाली घ्या," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "मंडळाच्या सभेत बायकांचा हात मोजत नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठावक आसा," त्या म्हणाल्या. हात खाली घेतला नाही.

अण्णा इकडेतिकडे बघू लागले. कोणाचंही मन दुखवायचं नाही म्हणजे कुठे बघायचं, हे त्यांना सुचेना.

"अण्णा," वस्ताद खोक्यावरून म्हणाले, "त्या बाईचा हात मोजा."

"अहो वस्ताद, पण नियम..."

"मघाशी मी मोजलाय."

तालमीतलं एक पोरगं पुढे आलं. "वस्ताद, तिचा मोजला तर समद्या बायकांचा मोजाया लागंल. आपली खोली जाईल!"

"ठावं हाय," वस्ताद म्हणाले. "मोजा, अण्णा."

अण्णांनी मान वर केली. मला वाटतं इतक्या वर्षांत मंडळाच्या सभेत त्यांनी ती पहिल्यांदाच वर केली असावी. तळमजल्याच्या ओट्यावर, पहिल्या मजल्याच्या कठड्यावर, दुसऱ्या, तिसऱ्या मजल्यावर हात वर होते. पिठाचे, ओले, बांगड्या भरलेले. अण्णा बोट उचलून एकेक मजला मोजत वर जाऊ लागले. परब अंक हातात धरूनच उठून उभे राहिले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डावा हात अंकात गुंतल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं.

वस्ताद मात्र वर बघत नव्हते. कमरेवर हात ठेवून ते कष्टाने उठले आणि आपल्या पोरांना म्हणाले, "चला रं. फावडी घ्या. मोजणं हुईस्तवर मैदानात कुटं जागा मिळतीया का बगू."